निळंब पाहिलेली माणसं

"सहावा भाग कधी?" हा प्रश्न सुवर्णा खराडे यांना गेल्या चार वर्षांत किती जणांनी विचारला असेल, त्याला काही सुमार नव्हता. भाजीवालीनं मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारला होता. दातांच्या डॉक्टरांनी तर त्यांच्या तोंडात आरसा घालून विचारला होता, तेव्हा उत्तर द्यायचीही सोय नव्हती. एरवी त्या हसून एकच सांगत, "नाही हो. पाचव्यात संपलं."

संपलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि वाचकांनाही. पाचव्या भागाच्या शेवटी चांदई वाऱ्याच्या फाटकापाशी पोचते आणि फाटक तिच्या तोंडावर बंद होतं. असा का कुठं शेवट असतो?

सुवर्णाबाईंनी सांगलीच्या भूमी अभिलेख कार्यालयात अठ्ठावीस वर्षं जमिनी मोजल्या. दिवसा लोकांच्या बांधांची भांडणं मिटवायची आणि संध्याकाळी स्वयंपाक आटपला की निळंबात जायचं. निळंब हा त्यांनी रचलेला देश. तिथली नदी समुद्रातून निघून डोंगराकडे चढत जाते, तिथले मेघबैल आभाळातून ढग ओढत आणतात, आणि चांदई नावाची पोर त्या देशाच्या कुणालाच ठाऊक नसलेल्या वाटा शोधत फिरते. पहिला भाग आला तेव्हा सुवर्णाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. पाचवा आला तेव्हा सत्तावन्न. आता, २०४३ साली, त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि चार वर्षांत त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती.

त्यांचे यजमान उदयराव शाळेत चित्रकला शिकवायचे. पहिल्या चारही भागांची मुखपृष्ठं त्यांचीच. सुवर्णाबाई लिहिलेलं त्यांना वाचून दाखवत आणि ते ऐकता ऐकता जेवणाच्या टेबलावर चित्रं काढत. ती चित्रं आठ-आठ दिवस टेबलावर पडलेली असत. पाचव्या भागाच्या वेळी त्यांनी वाऱ्याच्या फाटकाची तीन वेगवेगळी चित्रं काढली आणि विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

सुवर्णाबाई तिन्हींकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिन्ही चालतील की."

 वीस वर्षांत उदयरावांना हेच उत्तर मिळत आलं होतं. तुम्ही काढाल तसं. काहीही चालेल. हिच्या लेखी आपल्या चित्रांना काही किंमतच नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी ब्रश धुतले, डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला. पाचव्याचं मुखपृष्ठ प्रकाशकांनी यंत्राकडून करून घेतलं. घरात भांडण म्हणावं असं काही झालं नाही. फक्त जेवणाचं टेबल रिकामं राहू लागलं.

जानेवारीतल्या एका सकाळी प्रकाशक हृषीकेश पेठे घरी आले. सोबत एक तिशीतली तरतरीत बाई होती. "या डॉक्टर निशिगंधा कोरे. मेंदूवर संशोधन करतात. मूळच्या आपल्या सांगलीच्याच."

"आणि निळंबच्याही," निशिगंधा म्हणाली. "बारा वर्षांची असताना पहिला भाग वाचला, तेव्हापासून."

तिनं पिशवीतून एक रुंद, काळा पट्टा काढला. टेनिसपटू डोक्याला बांधतात तसा, पण आतून बारीक चकत्या लावलेला. "मॅडम, आपण डोळ्यांनी काही बघतो ना, ते मेंदूच्या मागच्या भागात उमटतं. इथं, मानेच्या जरा वर. गंमत अशी की तोच भाग डोळे मिटल्यावरही जागा होतो. तुम्ही आईचा चेहरा आठवलात, नाहीतर पुस्तकातला डोंगर डोळ्यांपुढे आणलात, की तिथल्या पेशी जवळपास तशाच चाळवतात. एकाच खोलीला दोन दारं म्हणा. एक बाहेरून, एक आतून."

"आणि हा पट्टा खोलीत डोकावतो?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"अगदी! पेशी कामाला लागल्या की फार क्षीण विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अब्जाव्या हिश्श्याइतकं. पूर्वी ते मोजायला खोलीभर यंत्र लागायचं. आता ते काम या बटणाएवढ्या चकत्या करतात. प्रत्येकाचा मेंदू वेगळा, म्हणून आधी वीस मिनिटं त्या माणसाला सहाशे फोटो दाखवायचे. कुठल्या फोटोला त्याच्या पेशी कशा चाळवतात याचा संगणक कोश तयार करतो. मग तोच कोश उलटा वाचायचा. पेशी कशा चाळवल्या यावरून चित्र तयार होतं."

पेठ्यांना धीर निघेना. "बाई, पुढच्या महिन्यात वाचनालयात वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम आहेच. तिथं तुम्ही पट्टा घालायचा, डोळे मिटायचे. वाचकांना पहिल्यांदाच अस्सल निळंब दिसेल! तुमच्या डोक्यातलं! तेच मग अधिकृत म्हणून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत छापू."

उदयराव खिडकीपाशी पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "बरं होईल. आम्ही इतकी वर्षं अंदाजानं काढत होतो. मूळ कसं आहे ते तरी कळेल."

ते शब्द सुवर्णाबाईंना लागले. पण मूळ कसं आहे म्हणजे काय, हे त्यांना नीटसं उमगलं नाही. यंत्राचं कुतूहल मात्र वाटलं, आणि त्या हो म्हणाल्या.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी अकरालाच सभागृह भरून गेलं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक पायऱ्यांवर बसले. उदयराव आग्रह करूनही पुढे आले नाहीत. मागच्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसले.

प्रश्न सुरू झाले. मेघबैल खातात काय? (धुकं, आणि सणाला गारा.) चांदईचं लग्न होणार का? (तिला विचारून सांगते.) निळंबची नदी समुद्रातून निघते, मग पाणी खारट कसं नाही? सुवर्णाबाई म्हणाल्या, "चढता चढता दमते ती, मीठ वाटेत टाकते. तिसऱ्या भागात मिठाची गावं आहेत बघा." सभागृह खळखळून हसलं. त्यांना फार दिवसांनी मोकळं वाटत होतं.

आधी दोन वाचकांना पट्टा घालायचं ठरलं होतं. त्यांची फोटो बघायची वीस-वीस मिनिटं सकाळीच उरकली होती. पहिले उठले अण्णासाहेब मगदूम, निवृत्त एसटी कंडक्टर. पाचही भाग त्यांना जवळपास पाठ होते. निशिगंधानं मेघबैल पहिल्यांदा येतो तो उतारा वाचायला घेतला. अण्णासाहेबांनी डोळे मिटले आणि मागच्या मोठ्या पडद्यावर आधी करडी गढूळ हालचाल, मग हळूहळू आकार येत गेला. पांढराशुभ्र खिलार बैल, उंच शिंगं, पाठीवर काळ्या ढगाची झूल. खाली कृष्णेसारखा घाट. आणि घाटाच्या कोपऱ्यात चक्क एक लाल एसटी!

सगळे हसू लागले तसे अण्णासाहेबांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काय करू बाई? बत्तीस वर्षं नोकरी केली. तिला निळंबातनं कितीबी हाकलली तरी परत येऊन उभी राहती!"

दुसरी होती मिरजेची सानिया मुजावर. तिचे आजोबा सतारी करत. तिच्या निळंबात नदीकाठानं सतारींसाठी वाळत घातलेले भोपळे होते, ओळीनं, सोनेरी. गावांचे बुरूज सतारीच्या खुंट्यांसारखे कोरीव होते. तिचा मेघबैल अण्णासाहेबांच्या बैलापेक्षा लहानसा, निळसर, लाजरा. चालताना त्याच्या पाठीवरून पाऊस निथळत होता.

सुवर्णाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.  बाजूला उभ्या असलेल्या निशिगंधाचा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "हे... वाचताना यांना खरंच असं दिसतं?"

"म्हणजे काय! सगळ्यांनाच दिसतं."

"दिसतं म्हणजे, डोळ्यांनी बघितल्यासारखं?"

"जरा पुसट. पण हो." निशिगंधानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मॅडम, तुम्हाला नाही दिसत?"

सुवर्णाबाई काही बोलायच्या आत पेठ्यांनी ध्वनिक्षेपक घेतला आणि घोषणा केली. टाळ्यांच्या कडकडाटात सुवर्णाबाईंच्या डोक्याला पट्टा बसला. त्यांनी डोळे मिटले. निशिगंधानं वाऱ्याच्या फाटकाचा उतारा वाचायला सुरुवात केली.

पडदा करडा होता. तो करडाच राहिला.

एक मिनिट गेलं. निशिगंधानं दुसरा उतारा घेतला, तिसरा घेतला. पडद्यावर साधी हालचालही नव्हती. टाळ्या केव्हाच विरल्या होत्या, आता कुजबुज वाढू लागली. सकाळी फोटो दाखवताना याच पट्ट्यानं सुवर्णाबाईंच्या पेशींवरून सफरचंद आणि गाढव अचूक काढून दाखवलं होतं. यंत्र ठीक होतं.

डावीकडून एक तरुण उभा राहिला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता. दुखावलेला होता. "मॅडम, हल्ली निम्मी पुस्तकं यंत्रंच लिहितात, हे आम्हाला माहीत आहे. तुमची तशी नाहीत म्हणून आम्ही वाचली. तुमच्या डोक्यात निळंब नाहीच, तर मग ते लिहिलं कुणी?"

पेठे घामाघूम होऊन सुवर्णाबाईंच्या कानाशी वाकले. "बिघाड झाला म्हणून सांगू. तुम्ही काही बोलू नका. मी सावरतो."

सावरणं सोपं होतं. पट्ट्याच्या तारेवर ढकलायचं, चहा जाहीर करायचा, विषय संपला. सुवर्णाबाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. उदयराव उभे राहिले होते. त्यांचा चेहरा घाबरलेला होता, आणि ती भीती स्वतःसाठी नव्हती, बायकोसाठी होती.

सुवर्णाबाईंनी पट्टा काढून मांडीवर ठेवला आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"यंत्र बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नाही. आत्ताच नाही, कधीच नाही. डोळे मिटले की माझ्यापुढे अंधार असतो. माझ्या आईचा चेहरासुद्धा मला आठवतो, पण दिसत नाही. डोळ्यांपुढे आणा असं शाळेत बाई म्हणायच्या, तेव्हा मला वाटायचं ही बोलायची पद्धत आहे. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, तशी. लोकांना खरोखर दिसतं हे मला पंधरा मिनिटांपूर्वी कळलं. अण्णासाहेबांच्या एसटीमुळं."

कुणी हसलं नाही. सभागृह कान देऊन ऐकत होतं.

निशिगंधा पुढे आली. "हा आजार नाही," ती म्हणाली.  "शंभरातल्या एक-दोन माणसांच्या मेंदूत आतलं दार उघडत नाही. बाहेरचं उघडतं, म्हणून फोटो बघताना यंत्राला सगळं मिळालं. स्मरण, बुद्धी, कल्पना, सगळं शाबूत असतं. फक्त ते चित्रांत साठवलेलं नसतं. यातल्या कित्येकांना जन्मभर पत्ताच लागत नाही."

"मग कशात साठवलंय?" तो तरुण म्हणाला. आता त्याच्या आवाजात कुतूहल होतं.

"विचारून बघा," सुवर्णाबाई म्हणाल्या.

अण्णासाहेब मगदूम ताडकन उठले. त्यांच्या हातात तिसऱ्या भागाची जीर्ण प्रत होती. "मिठाच्या घाटाला पायऱ्या किती?"

"दोनशे चौदा. चौऱ्याहत्तरावी तुटलेली आहे, तिच्यावर पाय दिला की डुगडुगते."

"बरोबर!" अण्णासाहेब ओरडले.

"चांदईच्या घरापासून विहीर?" सानियानं विचारलं.

"एकशे सहा पावलं. पण परत येताना एकशे बारा, कारण घागर भरलेली असते आणि पावलं लहान पडतात."

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. फाटकाची रुंदी. पुलाची दिशा. कुंभारआळीला कुठला वास येतो. मेघबैलाच्या खुरांचा आवाज कसा. सुवर्णाबाई एकाही ठिकाणी अडखळल्या नाहीत. निळंब त्यांच्या अंगात होतं, पावलांत, कानांत, तळव्यांत. मोजलेलं, ऐकलेलं, चाचपलेलं. पुस्तकांत न आलेले आकडेही त्या सांगत होत्या आणि लोक ते वहीत उतरवून घेत होते. शेवटी तो तरुणच हात जोडून म्हणाला, "मॅडम, बास. तुमचंच आहे ते."

"थांबा," सुवर्णाबाई म्हणाल्या. "एक गोष्ट माझी नाही. पुस्तकांत रंग आहेत. उजेड आहे. संध्याकाळी फाटकावर तांबूस सावली पडते, मेघबैलाच्या डोळ्यांत जांभळी कड आहे. हे सगळं मी बघून लिहिलंय. जेवणाच्या टेबलावर बघून. मी वाचून दाखवायचे, आमचे हे चित्र काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या चित्रात जे दिसेल ते मी पुस्तकात लिहायचे. मला वाटायचं सगळे लेखक असंच कशावरून तरी बघून लिहितात. यांनी चित्रं थांबवली आणि माझं लिहिणं बंद पडलं. का बंद पडलं, ते मलाही आज कळतंय."

त्या मागच्या रांगेकडे वळल्या. "अहो, तुम्ही विचारलंत यातलं खरं कुठलं. तुमची तिन्ही सुंदर होती. ताडून बघायला माझ्याकडे चौथं नव्हतंच हो."

 उदयराव चष्मा काढून रुमालानं पुसू लागले आणि बराच वेळ पुसतच राहिले. शेजारच्या बाईंनी त्यांना हळूच पुढे ढकललं. ते मधल्या वाटेनं चालत आले तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. त्यांना टाळ्यांची सवय नव्हती, त्यामुळे ते सुवर्णाबाईंपाशी येऊन उभे राहिले आणि भलतंच बोलले. "अगं, मग सांगायचं नाही का?"

"माहीत असतं तर सांगितलं असतं की!"

"सरांना पट्टा घाला!" पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं आणि साऱ्या सभागृहानं ते उचलून धरलं.

त्याला वीस मिनिटं लागणार होती. कुणी जागचं हललं नाही. वाचनालयाच्या माणसांनी चहा आणि भडंग फिरवलं, आणि उदयराव कोपऱ्यात बसून सहाशे फोटो बघत असताना लोक आपापसांत आपापलं निळंब एकमेकांना सांगत राहिले.

मग उदयरावांनी डोळे मिटले. निशिगंधानं पुस्तक पुढे केलं, तेव्हा सुवर्णाबाई म्हणाल्या, "द्या, मी वाचते." इतकी वर्षं वाचून दाखवलं होतं, त्याच आवाजात त्यांनी पहिल्या भागाचं पहिलं पान वाचायला घेतलं.

पडद्यावर नदी आली. ती डोंगर चढत होती, एकेका खडकावर हात टेकत चढणाऱ्या बाईसारखी. मागून तांबूस उजेड आला. धुक्यातून मेघबैलांचा तांडा उतरला. सुवर्णाबाई वाचत होत्या आणि मध्येच मान वर करून बघत होत्या. आपण रचलेल्या देशात त्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा शिरत होत्या. डोळे भरून येत होते, ते पुसावे तर तेवढं बघायचं राहील, म्हणून त्या पुसतही नव्हत्या.

मग वळणावरून चांदई आली. खांद्यावर दोरी, पायांत धुळीनं माखलेले बूट, ठाम पावलं. आणि डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा.

"ओ सर!" अण्णासाहेब म्हणाले. "चांदईला चष्मा कुठला? पाचही भागांत नाही!"

उदयरावांनी डोळे उघडले, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. "वीस वर्षं मी तो मुखपृष्ठावरनं खोडत आलोय," ते म्हणाले. "काढायला घेतली की हीच येते. जमीन मोजायला निघालेली. मी पहिल्यांदा बघितली होती तेव्हाची."

त्यानंतर सभागृहात जो गोंधळ झाला, शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर उभं राहणं, तो वाचनालयातल्या 'शांतता राखा' या फलकाला शोभणारा नव्हता. सुवर्णाबाईंनी पदरानं तोंड झाकून घेतलं होतं, पण त्या हसताहेत हे खांद्यांवरून कळत होतं.

पेठ्यांनी शेवटी अधिकृत चित्रांची गोष्ट काढून बघितली. सरांच्या डोक्यातलंच छापू या का, असं त्यांनी विचारलं. सानियानंच उत्तर दिलं. "नको सर. सरांची चित्रं हवीत, हातानं काढलेली. पण अधिकृत नको. माझे भोपळे जातील." अण्णासाहेबांनीही मान डोलावली. एसटीवर त्यांचा किती जीव आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. पेठ्यांनी तो विषय सोडला तो कायमचा.

पुढच्या आठवड्यात सुवर्णाबाईंना दीडशे पत्रं आली. त्यातल्या एकवीस जणांनी लिहिलं होतं, मलाही दिसत नाही, मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. जतच्या एका बाईंनी शाळेत असतानाच वाचन सोडलं होतं, त्यांनी पहिला भाग मागवला होता. सुवर्णाबाईंनी एकवीस जणांना स्वतःच्या हातानं उत्तरं लिहिली. ती लिहून झाल्यावर पेनात शाई होती आणि समोर कोरे कागद होते, म्हणून त्यांनी पुढचं पानही लिहून टाकलं. ते सहाव्या भागाचं निघालं.

उदयरावांनी माळ्यावरून डबा काढला. संध्याकाळी चारच्या उन्हात जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. सुवर्णाबाई फाटकापलीकडच्या गावाचा बाजार वाचू लागल्या आणि ते काढू लागले. तासाभरानं त्यांनी कागद फिरवून पुढे केला आणि सवयीनं उत्तराची वाट न बघता रंग कालवू लागले.

सुवर्णाबाई चित्रावर वाकल्या. त्यांनी बोटानं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तराजूवाली कमानीपासून नऊ पावलांवर बसते. तुम्ही तिला चारावर बसवलीय. कमानीतली घंटा वाजली की तिच्या कानाचे पडदे फाटतील. आणि बाजाराला उतार पूर्वेला आहे, म्हणजे कलिंगडं इकडं घरंगळणार, तिकडं नाही. परत काढा."

उदयरावांनी एकदा चित्राकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ब्रश तसाच हातात घेऊन उठले, गॅलरीत गेले आणि समोरच्या घरातल्या कुलकर्णीवहिनींना मोठ्यानं म्हणाले, "वहिनी! ऐकलंत का? हिनं माझं चित्र नापास केलं!"

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. इतका आनंदलेला माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

"अहो सर," त्या म्हणाल्या, "मग पेढे कधी वाटताय?"